सतरा नंबरमधली नऊ झाडं

६ जानेवारी, सोमवार

मॅडमनी आज आम्हा दोघी मुकादमांना एकेक वही दिली. रोजचं काम रोज लिहायचं, शनिवारी दाखवायचं. दुसरी मुकादम अंगठेबहाद्दर, तिने तिची वही माझ्याच पुढ्यात टाकली. म्हणाली, "मी कशाला कोरा कागद बाळगू, तूच घे." म्हणून एक वही कामाची आणि ही माझी. मी चौथी शिकलेय. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, पण मला लागलं म्हणजे झालं, कुणाला दाखवायचंय?

काम म्हणजे मका. या केंद्रात मक्याचं नवं बियाणं तयार करतात. अकरा बायका माझ्या हाताखाली. त्यातली एक माझी मुलगी, धाकटी, एकोणीस वर्षांची. आमच्या खोल्या केंद्राच्या भिंतीला लागूनच आहेत. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. घरात मी, धाकटी आणि थोरला.

१५ जानेवारी

सतरा नंबर उगवलाय. बघून जीव विटतो. बारा ओळी, सगळी पिवळट, काडीसारखी, एकाला जोर नाही. आज मॅडमना विचारलंच, "हे असलं कशाला जपतोय आपण? माझ्या दारात पडलेला दाणा याच्यापेक्षा बरा येतो."

मॅडम चिडत नाहीत. माझ्याच वयाच्या, एकट्या राहतात, काडीपैलवान. म्हणाल्या, "मुकादमबाई, याचं लग्न सात पिढ्या घरातल्या घरात लावलंय. ज्या झाडाचा तुरा त्याच झाडाच्या कणसाला. त्यात जे जे किडकं होतं ते वर आलं, म्हणून असं दिसतंय. पण आता हे एकसारखं आहे. शंभर झाडं घ्या, शंभरही सारखी."

"सारखी मरतुकडी."

"हो. बेचाळीस नंबरही तसाच, दुसऱ्या घराण्याचा. आता या दोन मरतुकड्यांचं एकमेकांशी लग्न लावा. याच्यात जे कमी ते त्याच्यात असतं, त्याच्यात जे कमी ते याच्यात. झाकलं जातं."

मग मला भिंतीकडे घेऊन गेल्या. तिथे गेल्या वर्षीच्या लग्नाचं थोडं बी लवकर लावलं होतं, ते आत्ताच माझ्या डोक्यावर गेलंय. खोड मनगटाएवढं, पान हाताच्या लांबीचं. सतरा आणि बेचाळीसचंच पोर. मी दोनदा पाटी वाचली.

मॅडम म्हणाल्या, "या हंगामात सतराचं बी वाढवून घ्यायचं. पावसाळ्यात दोघांचं मोठं लग्न लावायचं. पुढच्या वर्षी तपासायला माणसं येतील. पास झालं की मी सुटले. माझी नोकरी अडीच वर्षं उरली आहे."

रेडिओ मागेच होती. तिचं तोंड बंद होत नाही म्हणून सगळ्या तिला रेडिओच म्हणतात. म्हणाली, "मॅडम, लोकांची लग्नं लावता लावता स्वतःचं राहून गेलं बघा." मॅडम हसल्या. मी असते तर कानाखाली दिली असती.

१ फेब्रुवारी

जूनमध्ये मदतनिसाची जागा निघणार आहे. कायमची. सावलीत टेबल, वजनकाटा, नोंदी. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या मुलीला घेईन म्हणते. तिची नजर अशी मी वीस वर्षांत पाहिली नाही."

मी म्हटलं, "माझा मुलगा आहे ना."

"तो करेल?"

"संधी दिली तर कोण करत नाही?"

धाकटीचं काय, ती कुठेही टाकली तरी तगते. लहानपणापासून तशीच. दुधाची बाटली माहीत नाही, औषध माहीत नाही, तरी ही एवढी वाढली, दारातून वाकून येते. थोरला दोनदा मरता मरता वाचलाय. त्याच्या छातीत वारं भरतं. शेतकीचा अभ्यासक्रम दोन वर्षं केला, सोसला नाही, सोडला. तेव्हा घरात कुणीतरी कमावायला हवं म्हणून धाकटीला दहावीनंतर कामावर घेतलं. पहिली आली होती वर्गात. तिच्या बाई खोलीवर आल्या होत्या सांगायला. मी म्हटलं, पहिली येऊन पोट भरतं का?

घरात अंडं एक असलं तर ते थोरल्याचं. यात विचार काय करायचा?

५ फेब्रुवारी

झाडं गुडघ्याएवढी झाली. आज भेसळ काढायची होती. मॅडमनी सगळ्यांना बांधावर उभं करून सांगितलं. सतरामध्ये अधूनमधून एखादं झाड उंच, हिरवंगार, जाड दिसतं. ते उपटायचं. गेल्या हंगामात वाऱ्याने कुठूनतरी परका पराग आला, त्याची ती पोरं.

"म्हणजे चांगली उपटायची आणि मरतुकडी ठेवायची?" मी म्हटलं.

"जे उठून दिसतं ते आपलं नाही," मॅडम म्हणाल्या. "एवढं लक्षात ठेवा."

रेडिओ म्हणाली, "आई सतराचीच, बापाचा तेवढा पत्ता नाही."

बायका हसल्या. मला नाही हसू आलं. वीस वर्षं मातीत काढली, चांगलं झाड उपटायला हात होत नाही. ही कुठली रीत? जगातल्या कुठल्याही घरात जो चांगला त्याला ठेवतात.

धाकटीला मात्र उंची बघावीच लागत नाही. ती खोडाशी वाकते. सतराचं खोड मातीलगत जांभळट असतं म्हणे, भेसळीचं हिरवं. मला दोन्ही सारखीच दिसतात. तिने बेचाळीसच्या ओळी दुपारपर्यंत उरकल्या. उद्या सतरा करणार होती.

मी संध्याकाळी तिला म्हटलं, "सतरा थोरला करेल. मॅडमच्या डोळ्यांसमोर त्याचं काम यायला हवं."

"आई, त्याला दिसत नाही."

"तुला दिसतं तर त्याला का दिसणार नाही? एकाच पोटातले ना तुम्ही?"

तिचं हे गप्प बसणं मला सगळ्यात जास्त टोचतं.

७ फेब्रुवारी

खरं ते लिहिते, इथे खोटं लिहून काय मिळणार?

थोरल्याने आठ ओळी केल्या. उंच दिसलं ते उपटलं, वाकडं दिसलं ते उपटलं, शेवटी शेवटी पायात आलं तेही उपटलं. ओळी दात पडलेल्या फणीसारख्या झाल्या. अकराला ऊन लागलं म्हणून झाडाखाली जाऊन पडला. चेहरा पांढरा. मी म्हटलं, तू झोप, उरलेल्या चार मी बघते.

त्या चार ओळींत नऊ झाडं उंच होती. नऊच्या नऊ अशी की कुणीही थांबून बघावं. पहिल्याला हात घातला आणि मागे बघितलं. मागच्या आठ ओळींत आधीच एवढी भगदाडं, त्यात ही नऊ गेली की मॅडम म्हणणार, पोराने नासधूस केली. जागा गेली.

हात काढून घेतला. साडेचारशे झाडांत नऊ. समुद्रात चिमूटभर मीठ.

कामाच्या वहीत लिहिलं: सतरा नंबर, भेसळ काढली, थोरला.

१२ फेब्रुवारी

मॅडमच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. सव्वा महिना येणार नाहीत. जाताना म्हणाल्या, "तुम्ही आणि तुमची मुलगी आहात, मला काळजी नाही." थोरल्याचं नाव घेतलं नाही.

३ मार्च

फुलोरा आला. श्वास घ्यायला वेळ नाही. कणसाला केस फुटायच्या आत त्याला कागदी पिशवी घालायची. तुऱ्याला संध्याकाळी पिशवी बांधायची. सकाळी नऊच्या आत तुरा झटकून ती पिवळी पूड त्याच झाडाच्या केसांवर टाकायची, परत झाकायचं, चिठ्ठी लावायची. दुसऱ्याचा कण जाता कामा नये. चिठ्ठ्या धाकटी लिहिते, साऱ्या शेताच्या.

सतरात चिठ्ठ्या लावायला आली आणि उभीच राहिली.

"आई, ही नऊ कशी राहिली?"

"राहिली."

"काढते मी. अजून वेळ आहे."

"हात लावशील तर बघ. आता काढली तर सगळ्या बायकांना कळेल, त्यांच्याकडून मॅडमना. तुझ्या भावाच्या अन्नात माती कालवायची आहे का?"

"मग निदान यांच्या कणसांवर पिशव्या नको. मोकळी सोडू. नंतर वेगळी टाकता येतील."

मी रेडिओला हाक मारून नऊच्या नऊ झाडांना पिशव्या घालायला लावल्या. वेगळी दिसली की लोक विचारतात. धाकटीने चिठ्ठ्या लिहिल्या. पेन्सिल कागदातून आरपार जाईल इतकी दाबून.

२० मार्च

मॅडम काठी घेऊन आल्या. ओल्या मातीत पाय टाकता येत नाही, बांधावरूनच बघतात. परवाच मी त्या नऊ झाडांचे शेंडे कोयत्याने शेजारच्या उंचीला छाटले. बांधावरून सगळी एकसारखी.

"छान जपलंत," मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, "मुलाने फार मेहनत घेतली." धाकटी पाण्याची नळी धरून उभी होती. पाणी एकाच जागी जात होतं, खड्डा पडला तरी तिचं लक्ष नव्हतं.

२७ एप्रिल

कणसं काढली. सतराची नेहमीची कणसं बोटाएवढी, यंदा उन्हाने निम्मी बोडकी. आणि त्या नऊ झाडांना दोन दोन, मुठीत न मावणारी. अठरा कणसांनी पाटी भरली. धाकटी ती पाटी बाजूला सरकवत होती. मी उचलून ढिगावर उपडी केली. सोलून झाल्यावर पाहिलं तर तिसरा हिस्सा त्या नऊंचाच असावा.

मॅडमनी दाणा तळहातावर घेतला. "यंदा बी बरंच निघालं की."

"हात कुणाचा, बघा," मी म्हटलं.

त्या आणखी थोडा वेळ तळहाताकडे बघत होत्या. गुडघा दुखत असावा, मग बसल्या.

९ मे

धाकटीला नवीन खूळ. ढीग मिसळायच्या आधी तिने म्हणे काही बोटाएवढी कणसं खिशात घातली होती. दुपारच्या सुट्टीत बसून दाणे निवडते, एकेक उजेडात धरून बघते, रुमालाच्या गाठीत बांधून घरी आणते. फळीवर एका पत्र्याच्या डब्यात टाकते. मी म्हटलं, "चिमणी आहेस का दाणे गोळा करायला? असल्या किरट्या मक्याचं काय करणार?"

"असू दे, आई. लागलं तर."

"कुणाला?"

तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. पोटात एक आणि ओठात दुसरं, हे मला घरात चालत नाही.

२१ मे

थोरल्याला चार दिवस ताप. जेवण उलटतं. आज म्हणाला, काहीतरी खारट, कुरकुरीत हवं. घरात काही नव्हतं. धाकटीच्या डब्यातले ते किरटे दाणे आठवले. तव्यावर टाकले, फुटले बरे, मीठ लावलं. सगळे खाल्ले पोराने. चार दिवसांनी पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

डबा चांगला आहे. त्यात सुईदोरा आणि बटणं भरून परत फळीवर ठेवला. धाकटी कामावर होती. विचारलं तर सांगेन.

विचारलंच नाही तिने.

२ जून

थोरल्याला जागा मिळाली. सहा महिने बघणार, मग कायम. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या वहीत सतराचं काम त्याचं आहे, आणि बी चांगलं उतरलंय. ठीक आहे. पण मुकादमबाई, तुमच्या मुलीला पुढच्या वर्षी मी शिकायला पाठवणार. तेव्हा आड येऊ नका."

पुढचं पुढे. थोरल्याला नवा शर्ट घेतला. धाकटीने त्याची कॉलर नीट केली, म्हणाली, "दादा, नोंदी पेनाने कर, पेन्सिलने नको. आणि अडलं तर मला विचार." हा म्हणाला, "तू मला शिकवणार?" मी हसले. नंतर वाटलं, हसायला नको होतं.

१२ जून

पेरणी. सतराच्या चार ओळी, बेचाळीसची एक. असं आठ वेळा. सतरा मादी, बेचाळीस नर. साऱ्या वर्षाचं बी संपलं. मॅडम काठी टाकून स्वतः ओळीत चालल्या.

१० जुलै

दोन दिवस वही उघडली नाही. आज लिहितेय.

परवा मॅडमनी मला बांधावर बोलावलं. सतराच्या ओळी. एक झाड घोट्याएवढं, शेजारचं मांडीला लागतंय, त्याच्या शेजारी मधलंच कुठलंतरी. कुणी पिवळं, कुणी गर्द, कुणाचं पान रुंद. एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. बत्तीस ओळी तशाच.

मॅडम ओरडल्या नाहीत. खाली मातीत बसल्या, तो गुडघा घेऊन. म्हणाल्या, "सात वर्षं."

मी म्हटलं, "उंच उंच काढून टाकू की. दोन दिवसांत काढते."

"काही उपयोग नाही. भेसळीच्या पोरांत बुटकीही असतात, जांभळ्या खोडाचीही असतात. कुठलं खरं आणि कुठलं वेषांतर करून बसलंय, कसं ओळखणार? सगळं बाद. माझ्याकडे चार वर्षांपूर्वीचे साठेक दाणे आहेत एका बाटलीत. उगवतील न उगवतील. तिथून परत चढायचं म्हणजे तीन वर्षं. आणि माझी उरली दोन."

तेवढ्यात धाकटी आली. ओळीकडे एकदा बघितलं. तिला बघायची गरज नव्हतीच, तिला ठाऊक होतं. म्हणाली, "मॅडम, माझ्याकडे आहे. खरं सतरा. मी निवडून ठेवलंय, सातशे तरी दाणे असतील. थांबा, आणते." आणि पळत सुटली. मी तिला कधी तशी पळताना पाहिलं नव्हतं.

मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सातशे? सातशे म्हणजे पुष्कळ झाले."

मी तिच्या मागून गेले.

ती स्टुलावर उभी, डबा हातात, झाकण उघडलेलं. बटणं जमिनीवर सांडलेली.

"यातलं काय झालं?"

"त्याला ताप होता," मी म्हटलं. "भाजून दिलं."

ती स्टुलावरून उतरली आणि तिथेच बसली. रडली नाही. थोडंसं हसली, तेही तोंडातल्या तोंडात. "मीठ लावलंस?"

"लावलं."

"आवडलं त्याला?"

मी म्हटलं, "तू सांगायचंस ना मला की बी आहे. मला स्वप्न पडतं का?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" ती म्हणाली.

आम्ही परत गेलो. तोवर सगळ्या बायका जमल्या होत्या, थोरलाही नोंदवही घेऊन आला होता. मॅडम उभ्या होत्या. धाकटीचे रिकामे हात बघितले. "कुठे आहे?"

"नाही, मॅडम."

"आत्ता म्हणालीस आहे."

"होतं. आता नाही."

मॅडमचा चेहरा तेव्हा बदलला. इतका वेळ दुःख होतं, आता राग आला. म्हणाल्या, "गेल्या हंगामात सतराची भेसळ कुणी काढली?" थोरल्याने माझ्याकडे बघितलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. नोकरीच्या सहा महिन्यांतला एकच झाला होता. पोर तिथेच कोसळतंय असं वाटलं मला.

मी म्हटलं, "शेवटच्या चार ओळी हिने केल्या. त्याला ऊन लागलं होतं."

निघून गेलं तोंडातून. लिहिताना वाटतंय की मी ठरवून म्हणाले नाही. पण शब्द नीट लागोपाठ आले, एकही अडखळला नाही.

मॅडम धाकटीला म्हणाल्या, "तुझी नजर? तुझी नजर चुकली?"

मला वाटलं आता ही बोलते. मी तयार होते, खरंच होते. धाकटीने आधी थोरल्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. म्हणाली, "राहिली माझ्याकडून."

रेडिओसुद्धा गप्प होती. तिनेच त्या नऊ झाडांना पिशव्या घातल्या होत्या. मुकादम मी आहे, तिला माझ्या हाताखाली काम करायचंय.

११ जुलै

त्या दिवशी घरी आल्यावर मी धाकटीला विचारलं, "का नाही बोललीस?"

"तुझी मुकादमकी गेली तर तो काय खाईल?"

"आणि तू?"

"मी कुठेही टाकली तरी तगते ना, आई."

हे मी तिच्यासमोर कधी म्हटलं होतं? म्हटलं असेन. शंभरदा म्हटलं असेन.

१९ जुलै

धाकटी गेली. दोन गावं पलीकडे दुसरं बियाण्याचं शेत आहे, तिथे. रोजंदारीवर, ओळखीशिवाय. पिशवी एक, चपला नव्या नाहीत. मी दोन अंडी उकडून दिली होती. एक तिने थोरल्याच्या ताटाशेजारी ठेवलं. चिडून नाही, सवयीने. ते बघवलं नाही मला.

दारात म्हणाली, "बरं झालं. आता ओळ एकसारखी दिसेल."

तेव्हा मला कळलं नाही कुठल्या ओळीचं बोलते. मी म्हटलं, "कसली एकसारखी, सगळं नांगरून टाकलंय की." ती हो म्हणाली आणि गेली. वाकून गेली दारातून.

२ ऑगस्ट

मॅडमनी बाटलीतले दाणे लावले. मोजून एकसष्ट. वर जाळी, भोवती दुसरा मका नाही. म्हणाल्या, "हे तुम्ही बघा, मुकादमबाई." मी म्हटलं, दुसऱ्या मुकादमला द्या. "तिला वाचता येत नाही," म्हणाल्या. "शिवाय तुम्ही मागच्या वेळी छान जपलंत."

थट्टा होती की नव्हती, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

२३ ऑगस्ट

थोरल्याने काम सोडलं. वजनकाट्याची खोली दमट आहे म्हणे, छातीत भरतं. शर्ट खुंटीवर आहे. मी काही बोलले नाही. त्याला वाटलं मी रागावले, म्हणून दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपला. मी रागावले नव्हते. मी त्याचे पाय बघत होते, किती बारीक आहेत. हा असा आपोआप झाला, की मी केला, एवढंच मनात येत होतं.

परवा दोन गावं पलीकडच्या शेतावरचा ट्रॅक्टरवाला आला होता. मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. "तुमची मुलगी होय? तिकडे तिला उंट म्हणतात. पण खोड बघून सांगते झाड कुणाचं ते. मोठे साहेब तिला बरोबर घेऊन फिरतात."

८ सप्टेंबर, सोमवार

एकसष्टपैकी एकेचाळीस उगवलीत. आज गुडघ्याएवढी झाली. मॅडम म्हणाल्या, "भेसळ बघून घ्या."

जाळीत शिरले. पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक खोडाशी वाकले. जांभळं की हिरवं ते मला अजूनही कळत नाही. डोळ्यांना पाणी येईपर्यंत बघितलं. त्या पोरीला हे घोट्याएवढ्या झाडात दिसायचं.

मॅडम बाहेर खुर्चीवर बसल्या होत्या. जाळीतून बोलल्या, "तुमच्या मुलीच्या नव्या शेतावरून मला पत्र आलं होतं. तिला शिकायला पाठवणार आहेत. तिच्याबद्दल काय मत आहे, विचारलंय."

मी वाकलेलीच राहिले. "काय कळवलंत?"

"कळवलं की तिची एकच चूक मला माहीत आहे, आणि ती तिची होती यावर माझा विश्वास नाही."

मग थांबल्या. मला जागा करून दिली त्यांनी. एक वाक्य मावेल एवढी, माझ्या वयाच्या बाईने माझ्यासाठी. जाळीवर माशी बसली होती, तिचे पायसुद्धा दिसत होते. मी तोंडात मिठाची गुळणी धरून होते. घरी थोरला झोपलाय, चूल माझ्यावर आहे, असं मनात म्हणत होते. ते खरंही आहे.

थोड्या वेळाने मॅडम म्हणाल्या, "किती काढलीत?"

मी उठून ओळीकडे बघितलं. एकेचाळीस झाडं, पिवळट, काडीसारखी, एकाच उंचीची. एकही उठून दिसत नव्हतं.

"काढण्यासारखं काही उरलं नाही," मी म्हटलं.